वाक्याचे शेपूट

माझी नात परभणीच्या एका शाळेत शिकते. संध्याकाळी ती इंग्रजीचा उतारा घेऊन माझ्याजवळ बसते. प्रश्नातला एखादा ठळक शब्द उचलावा, तो उताऱ्यात कोठे दडला आहे ते पाहावे आणि ते वाक्य जसेच्या तसे उत्तर म्हणून उतरवून काढावे, ही तिची रीत. गुण बहुधा मिळतात. अर्थाशी मात्र तिची गाठ पडत नाही. मी रागवावयास जातो आणि जीभ आवरतो. कारण या विद्येत एके काळी माझा हात धरणारा आमच्या शाळेत कोणी नव्हता.

गोष्ट १९७१ सालची. गंगाखेडजवळच्या आमच्या गावी कोरडवाहू जमीन होती आणि वडिलांनी विहिरीच्या कर्जासाठी अर्ज केला होता. त्यांचे शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूतून झालेले. इंग्रजीशी त्यांचा परिचय नव्हता. एके दिवशी कचेरीचे इंग्रजी पत्र आले. ‘‘वाच रे,’’ म्हणून त्यांनी ते मोठ्या विश्वासाने माझ्या हाती दिले. मी ओळखीचे शब्द वेचले आणि निकाल सांगून टाकला, ‘‘अर्ज रद्द झाला.’’ वडील काही बोलले नाहीत. पत्राची घडी घालून त्यांनी ते कोनाड्यात ठेवले.

पुढच्याच वर्षी मराठवाड्यावर दुष्काळ कोसळला. बैलजोडी विकावयास निघाली, त्या दिवशी कोनाड्यातले ते पत्र पुन्हा माझ्या हाती लागले. मी ते सावकाश वाचले. महिनाअखेर सातबाराचा उतारा न मिळाल्यास अर्ज रद्द समजण्यात येईल, एवढाच त्याचा आशय होता. ‘अनलेस’ हा एक शब्द मी ओलांडून गेलो होतो. हत्ती गेला आणि शेपूट राहिले असे आपण म्हणतो. येथे सारा हत्ती शेपटातच होता! विहीर खणली असती तर पाणी लागलेच असते, असे मी म्हणत नाही. पण वडिलांना खरे सांगितले, तेव्हा ते इतकेच म्हणाले, ‘‘उतारा तर घरातच होता रे.’’

माझी चूक शब्दार्थाची नव्हती. तो शब्द मला पाठ होता. मराठीत अट बहुधा आधी येते आणि निकाल मागून. इंग्रजी वाक्य पुष्कळदा निकाल आधी सांगते आणि अट मागाहून जोडते. मराठी कानाला निकाल ऐकू आला की वाक्य संपले असे वाटते, आणि मन पुढे ऐकावयाचे थांबते.

गंमत अशी की, याचे औषध घरातच होते. आजोबा ज्ञानेश्वरी वाचीत, तेव्हा अवघड ओवी आली की प्रथम अन्वय लावीत. क्रियापद कोणते? कर्ता कोण? ‘तो’ म्हणजे नेमका कोण? कोणते पद कशाला जोडावयाचे? एवढे झाले की एखादा शब्द अडला तरी अर्थ अडत नसे. ही दृष्टी ओवीसाठी आहे, इंग्रजीसाठी नव्हे, असे मी का धरून चाललो होतो, कोण जाणे! दोन्हींच्या वह्या वेगळ्या होत्या, एवढेच कारण असावे.

आता नातीला मी शब्दकोश लगेच उघडू देत नाही. आधी क्रियापदाखाली रेघ ओढावयाची, मग ‘जर’, ‘तरी’, ‘खेरीज’ अशा अर्थाचे शब्द हुडकावयाचे, आणि शेवटी पुस्तक मिटून आशय मराठीत सांगावयाचा. सांगता आला नाही, तर तो समजलाच नाही. तिला हा व्याप वाटतो. पण परवा एका लांबलचक वाक्याशी ती थबकली आणि म्हणाली, ‘‘आजोबा, खरी गोष्ट इथे शेवटी आहे.’’

उत्तर तिने स्वतःच्या शब्दांत लिहिले. त्यात व्याकरणाच्या दोन चुका होत्या. त्या संध्याकाळी मी त्या तशाच राहू दिल्या.