वीस मिनिटांची शर्यत आणि डॉक्टरचं बीपी

गेल्या जानेवारीत, वयाच्या ५४ व्या वर्षी, मी आयुष्यातली पहिली सायकल शर्यत खेळलो आणि ती अर्धवट सोडली. का सोडली आणि नंतर काय कळलं, ते आज लिहितो. वाचकांपैकी बरेच जण चाळिशी-पन्नाशीनंतर मॅरेथॉन, सायकलिंग असं काहीतरी सुरू करतात. त्यांना याचा उपयोग व्हावा.

खूळ भाच्याचं. "मामा, तू रोज सकाळी सायकल चालवतोसच. वीस मिनिटांची तर शर्यत आहे, चल!" मलाही ते पटलं. रविवारी चाळीस किलोमीटर करणाऱ्याला वीस मिनिटं म्हणजे काय!

माउंटन बाइकची क्रॉस कंट्री शर्यत १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपासून ऑलिंपिकमध्ये आहे. तिथे ती साधारण दीड तास चालते. तिचाच आटोपशीर प्रकार म्हणजे शॉर्ट ट्रॅक. एक-दोन किलोमीटरच्या मार्गावर वीस-पंचवीस मिनिटं फेऱ्या मारायच्या. आमची शर्यत याच धर्तीवर, पुण्याबाहेरच्या एका टेकडीच्या पायथ्याशी होती. मुरुमाचा रस्ता, सुटे दगड, एक खडा चढ, मग वळणावळणाचा उतार आणि पुन्हा तोच चढ.

सगळी गडबड सुरुवातीलाच

शिट्टी वाजली आणि सगळे जीव खाऊन सुटले. मला वाटलं, ही मंडळी लवकर दमणार. पण त्यामागे कारण होतं. पुढे वाट एका सायकलपुरतीच अरुंद होत होती. तिथे मागे राहिलं की पुढच्याला ओलांडता येत नाही. म्हणून पहिली दोन मिनिटं सर्वांत वेगाची. मीही त्यांच्यामागे सुटलो.

आता शरीराचं गणित बघा. आपण एकदम जोर लावतो, तेव्हा स्नायूंना लगेच भरपूर प्राणवायू लागतो. पण हृदय आणि फुप्फुसं तो पुरवठा पूर्ण वाढवायला दोन-तीन मिनिटं घेतात. तोवर स्नायू साठवलेल्या ऊर्जेवर आणि प्राणवायूविना साखर जाळून काम भागवतात. यातूनच पायात जळजळ होते, श्वास फुलतो. म्हणजे शरीराची तयारी सर्वांत कमी असते, नेमकी तेव्हाच या शर्यतीत मागणी सर्वांत जास्त असते. आधी पंधरा-वीस मिनिटं वॉर्मअप केला असेल तर हा फरक कमी होतो. मी मात्र तो वेळ ओळखीच्यांशी गप्पा मारण्यात घालवला होता.

चौथ्या मिनिटाला घड्याळात नाडी १७१ दिसली. '२२० वजा वय' या सूत्रानं माझी कमाल १६६. हे सूत्र सरासरीचं आहे. एखाद्या माणसात ते दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतं, त्यामुळे त्या आकड्यानं घाबरलो नाही. उतारावर विश्रांती मिळेल असं वाटलं होतं, तीही मिळाली नाही. पायडल थांबलं तरी हँडल आणि ब्रेक घट्ट धरून, सीटवरून उठून तोल सांभाळावा लागतो. नाडी फारशी खाली येतच नाही.

अकराव्या मिनिटाला, तिसऱ्यांदा चढ चढताना, छाती आवळल्यासारखी वाटली.

रुग्णाला जे सांगतो ते

तीस वर्षं मी रुग्णांना सांगत आलोय की श्रम करताना छाती आवळली, तर तिथेच थांबा. आणि त्या क्षणी माझ्या मनात आलं, 'धूळ असेल, थंडी असेल, एवढी फेरी तर होऊ दे.' माझ्या वडिलांना ५८ व्या वर्षी हार्ट अटॅक आला होता. त्यांनीही आधी दोन दिवस 'ॲसिडिटी असेल' म्हणून काढले होते. ते आठवलं आणि मी सायकल बाजूला घेऊन बसलो. पाच-सात मिनिटांत आवळणं कमी झालं. खोकला मात्र बराच वेळ येत राहिला. तिथल्या डॉक्टरांनी लगेच ईसीजी काढायला पाठवलं. तो नॉर्मल होता.

घरी आल्यावर बायकोनं एकच प्रश्न विचारला, "अहो, तुम्ही स्वतःचं बीपी शेवटचं कधी बघितलंत?"

मला आठवेना. दिवसाला तीस-चाळीस जणांचं बीपी मोजणारा मी, स्वतःच्या दंडाला तो पट्टा किमान तीन वर्षं बांधला नव्हता.

त्या आठवड्यात घरी सकाळ-संध्याकाळ मोजलं. सरासरी १४६/९२ आली. घरच्या मोजणीत १३५/८५ पासून पुढे बीपी जास्त धरतात. हृदयरोगतज्ज्ञ मित्राकडे गेलो. स्ट्रेस टेस्टमध्ये रक्तपुरवठा कमी पडल्याची खूण नव्हती. पण टूडी एकोत हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत किंचित जाड दिसली. म्हणजे बीपी कालपरवाचं नव्हतं. छाती आवळली ती बहुधा श्वासनलिका आकसल्यामुळे. थंड, कोरड्या, धुळीच्या हवेत जोरात श्वास घेतल्यावर काहींना असं होतं. पण हा निष्कर्ष हृदय तपासल्यानंतर काढायचा असतो, सायकलवर बसल्या बसल्या नाही.

आता काय करतो

बीपीची गोळी सुरू झाली, जेवणातलं मीठ कमी झालं. बीपी आटोक्यात येईपर्यंत शर्यत बंद, फक्त बोलता येईल इतक्या दमाची सायकल. मग आठवड्यातून एकदा चढावर तीन-चार मिनिटांचा जोर आणि तेवढीच विश्रांती, असं चार वेळा. डिसेंबरमध्ये पुन्हा त्याच टेकडीवर गेलो. वॉर्मअप केला, सुरुवातीला सगळ्यांना पुढे जाऊ दिलं. शेवटून तिसरा आलो, पण शर्यत पूर्ण केली.

तुम्ही असं काही सुरू करणार असाल तर एवढं लक्षात ठेवा:

- 'थोडा वेळ' म्हणजे 'हलका व्यायाम' नव्हे. वीस मिनिटांची शर्यत दोन तासांच्या फेरफटक्यापेक्षा हृदयावर जास्त ताण टाकते.
- चाळिशीनंतर, आणि घरात बीपी, मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर नक्कीच, आधी डॉक्टरांना भेटा. बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, ईसीजी बघा. स्ट्रेस टेस्ट लागेल का ते डॉक्टर ठरवतील. ती नॉर्मल आली तरी कायमची हमी नसते.
- बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर नाडी कमीच राहते. घड्याळातल्या आकड्यावर विसंबू नका.
- शर्यत संपल्यावर एकदम उभे राहू नका. रक्त पायात साठून चक्कर येते. पाच-दहा मिनिटं हळूहळू पायडल मारा.
- छाती, जबडा किंवा हात आवळणं, डोळ्यांपुढे अंधारी, अनियमित धडधड यांपैकी काहीही झालं तर थांबा, बसा, कुणाला तरी सांगा. काही मिनिटांत कमी झालं नाही तर १०८ ला फोन करा. कमी झालं तरी तपासणी त्याच दिवशी.

आणि माझ्या व्यवसायबंधूंनो, पट्टा समोरच टेबलावर आहे. आज पहिला रुग्ण आत येण्याआधी स्वतःच्या दंडाला बांधा.