बाईंच्या हाताखाली

आज मी आमच्या ग्रंथालयातल्या नोंदी संयुक्त तालिकेकडे पाठवते ती पद्धत मावळातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथपाल बाईंची. पदवी घेऊन मी त्यांच्या हाताखाली लागले, तेव्हा महाविद्यालय नुकतंच दिल्लीच्या डेलनेट या ग्रंथालयांच्या जाळ्याचं सभासद झालं होतं. १९८८ साली सुरू झालेल्या या जाळ्यात सभासद ग्रंथालयं आपल्या नोंदी एका संयुक्त तालिकेत देतात. मग कुठे काय आहे ते कळतं आणि पुस्तक एका ग्रंथालयातून दुसऱ्या ग्रंथालयाला मागवता येतं. सगळ्या नोंदी एकदम पाठवाव्यात, आकडा मोठा दिसेल, असा आग्रह होता. बाई तयार होईनात.

"अगं, नोंद पाठवली म्हणजे पुस्तक द्यायचं कबूल केलं. कपाटातच नसेल तर काय देणार?"

मावळातल्या लोणावळ्याचा पाऊस ज्यांनी काढला आहे त्यांना या प्रश्नाचं वजन कळेल. आषाढ-श्रावणात पुस्तकं फुगतात, पानं एकमेकांना चिकटतात, बांधणीवर बुरशी चढते. दरवर्षी काही पुस्तकं बाद करावीच लागतात. दाखल नोंदवहीत तसा शेरा पडतो, पण संगणकातली नोंद कुणी हात लावेपर्यंत जशीच्या तशी राहते. म्हणून बाईंचा क्रम ठरलेला होता : आधी साठा तपासणी, मग पाठवणी. मी यादी वाचायची, त्यांनी पुस्तक काढून उघडून पाहायचं.

मागवलेली पण न आलेली पुस्तकं, गहाळ झालेली, दुसऱ्या ग्रंथालयाकडून चार दिवसांसाठी आणलेली, यांतलं काहीही बाहेर जाऊ द्यायचं नाही. उसनं पुस्तक आपलं म्हणून यादीत गेलं, तर मूळ मालकाकडे असलेली एकच प्रत दोन ठिकाणी दिसते, आणि शोधणारा चुकीच्या दारात उभा राहतो. एका दिवंगत शिक्षकांच्या हस्तलिखित वह्या घरच्यांनी, इथेच बसून वाचू द्याव्यात, या बोलीवर दिल्या होत्या. त्यांची नोंद बाईंनी नीट केली आणि आतच ठेवली. मला ते फार पटलं. राखून ठेवणं आणि दडवून ठेवणं यांतलं अंतर मी तिथे शिकले.

पुढे कोहा ही ग्रंथालयाची संगणकप्रणाली आली. तीत ९४२ क्रमांकाच्या क्षेत्रात एक खूण केली की नोंद वाचकांच्या शोधात दिसत नाही. पण वाचकाला न दिसणं आणि बाहेर न जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बाईंनी मला आधीच घोटून दिलं होतं. म्हणून मी पाठवणीची अट वेगळी लावते, आणि तयार झालेली फाईल उघडून वाचते. गेलेली नोंद परत बोलावण्याची तऱ्हाही निराळी. आपल्याकडून नोंद पुसली म्हणून तिकडची पुसली जात नाही. मार्क या नोंदींच्या प्रमाण आराखड्यात सुरुवातीला लीडर असतो, त्यात ती रद्द झाल्याची खूण घालून पुन्हा पाठवावी लागते. हे काम कुणी मागत नाही, म्हणून मागे पडतं. बाई ते पावसाळा संपला की करायच्या.

एकदा त्यांनी कैवल्यधामची योगविषयक हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची माझ्यापुढे ठेवली. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात उभी केलेली ही संस्था. सूची १९८९ची, डॉ. म. ल. घरोटे आणि व्ही. ए. बेडेकर यांची. कोणता ग्रंथ कोणत्या संग्रहात आहे ते शोधून ती रचलेली. "यातल्या एका ओळीवर भरवसा ठेवून माणूस गाडीत बसतो," बाई म्हणाल्या. पुण्याहून लोकलनं येणारा असो की परराज्यातून, त्याचं भाडं, त्याची रजा त्यांच्या हिशेबात असे.

संयुक्त तालिकेतल्या नोंदीत ती तयार करणाऱ्या संस्थेची खूण राहते. टंकलेखन करणाऱ्या, धूळ झटकून पुस्तक उघडणाऱ्या माणसाचं नाव नसतं. बाईंच्या हातून गेलेल्या नोंदींवर आज देशभर कुणीकुणी विसंबत असेल, आणि त्यांना ते कळायची सोय नाही. म्हणून हे लिहायचं ठरवलं. विचारायला गेले, तर म्हणाल्या, "लिही. पण आधी त्या बाद पुस्तकांच्या नोंदी काढल्यास का ते सांग."

काढल्या होत्या.