बिल्ल्यावरचं नाव

शाळेच्या सुवर्णमहोत्सवासाठी बिल्ला करायचं ठरलं आणि नमुना काढायचं काम मुख्याध्यापक म्हणून माझ्याकडं आलं. मधोमध तेवती समई, भोवती शाळेचं नाव, त्याखाली अक्षरी ‘पन्नास’ आणि तळाशी बारीक अक्षरांत, खरं तेच सांगतो, माझं नाव.

त्याच आठवड्यात दहावीच्या वर्गात ‘अपोलो ११’च्या बिल्ल्याची गोष्ट निघाली. १९६९ साली चंद्राकडे निघालेल्या तिघांपैकी मायकेल कॉलिन्स यांनी तो रेखाटला. पक्ष्यांच्या पुस्तकातला गरुड त्यांनी पातळ कागदावर गिरवून घेतला. खाली चंद्राची खळगेदार जमीन, मागे पृथ्वी. शांततेची खूण म्हणून ऑलिव्हची डहाळी गरुडाच्या चोचीत दिली. वरिष्ठांना त्याच्या उघड्या नख्या आक्रमक वाटल्या, तेव्हा ती डहाळी पंजात आली. अक्षरी ‘अकरा’ परदेशी माणसाला कळायचं नाही, असं नील आर्मस्ट्राँग यांचं म्हणणं पडलं, म्हणून तिथं साधा आकडा आला. आणि तिघांनी स्वतःची नावं घातलीच नाहीत. मोहिमेसाठी राबलेल्या सगळ्यांचा तो बिल्ला व्हावा, ही इच्छा.

मागच्या बाकावरची मुलगी उठली. “सर, आपल्या बिल्ल्यावर कुणाचं नाव असणार?”

घरी येऊन आधी माझं नाव खोडलं. ते सोपं होतं. ‘पन्नास’ खोडणं जड गेलं. आमच्या सीमाभागात मराठी अक्षरासाठी माणसं तुरुंगात गेली आहेत; माझे वडीलही गेले होते. पण आमच्या मैदानावर कन्नड घरांतली मुलंही खेळतात. शेवटी शाळेचं नाव वर मराठीत, खाली कन्नडमध्ये घेतलं आणि मधे सगळीच मुलं गणिताच्या वहीत लिहितात तो आकडा. समितीतले एक ज्येष्ठ सभासद एवढंच म्हणाले, “सर, तुम्हीसुद्धा?” मला उत्तर सुचलं नाही. आजही सुचलेलं नाही.

समारंभाच्या दिवशी, तीस वर्षं शाळेची घंटा दिलेल्या आमच्या निवृत्त शिपाईमामांच्या सदऱ्याला मी बिल्ला लावला. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरून नीट पाहिला.

“सर, ह्यावर नाव कुणाचंच न्हाई?”

“नाही, मामा.”

“मग बरं झालं. माझा म्हणाया हरकत न्हाई.”