मागचा कान



कीर्तनकाराच्या पाठीमागे टाळकरी उभे असतात. तो सारखा मागे वळून पाहत नाही. चाल कुठे सैल पडली, टाळ कुठे पुढे गेला, हे त्याला कानानेच कळते. नवविधा भक्तीत श्रवण पहिले, याचा अनुभव मी उभ्या आयुष्यात असा घेतला. यंदा तोच अनुभव एका लौकिक कामात आला. दिंडीच्या जुन्या ट्रकला, मागे घेताना सूचना देणारे सेन्सर बसवायचे होते. मंडळींनी देखरेखीला मला नेमले.

गरज तुम्ही जाणताच. ज्येष्ठात आमच्या लालबागच्या गल्लीत ट्रक भरतो. राहुट्या, पातेली, शिधा. दुतर्फा दुचाक्या, मध्ये पोरांचा खेळ. पुढे सासवड, लोणंद, फलटण, कुठल्याही मुक्कामी पाहा, दमलेला वारकरी पावसात ट्रकच्या आडोशालाच पाठ टेकतो. पहाटे अंधारात चालकाला फाळक्यामागचे काही दिसत नाही. नोव्हेंबर 2019 मध्ये दिवेघाटात जेसीबी दिंडीत शिरला आणि नामदेवरायांचे वंशज सोपान महाराज नामदास यांच्यासह दोघे गेले. तिथे सेन्सरचा काही उपयोग नव्हता. पण जड गाडी आणि चालता माणूस यांत अंतर किती थोडे, हे तेव्हापासून मनातून जात नाही.

नव्या मोटारींना 1 जुलै 2019 पासून हे सेन्सर सक्तीचे आहेत. जुन्या ट्रकला ते बाहेरून बसवावे लागतात. कुर्ल्याला सी.एस.टी. रोडवर गेलात तर आधी व्होल्ट विचारा. मोटारीची वीज 12 व्होल्टची, मोठ्या ट्रकची 24 ची. मोटारीचा संच ट्रकला लावाल तर जळेल. दुसरे, वायर लांब हवी आणि चासीला धरून नळीतून न्यावी. तिसरे, सेन्सर पाण्याचिखलाला टिकणारे हवेत. आम्ही चार घेतले. मागच्या लोखंडी आडव्या पट्टीवर, जमिनीपासून सुमारे 2 फुटांवर, रबराच्या कड्यात बसवले. खाली बसवले तर ते जमिनीलाच अडथळा समजतात. वीज मागच्या पांढऱ्या दिव्याच्या वायरीवरून घेतली, म्हणजे रिव्हर्स गिअर पडला की ते जागे होतात. फाळका उघडा लोंबत असला तर तोच आडवा येतो आणि भोंगा थांबत नाही, हेही ध्यानात ठेवा.

याचे काम कानाचेच. सेन्सर सेकंदाला सुमारे 40,000 कंपनांचा नाद सोडतो. माणसाला 20,000 च्या पुढचा ऐकू येत नाही. तो नाद आपटून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर मोजतो.

बसवून झाल्यावर मिस्त्रीने मागे पिंप उभे केले. भोंगा लगेच वाजला, सगळे खूश झाले. मी म्हटले, आता एक घोंगडी गुंडाळून जमिनीवर आडवी ठेवा. ठेवली. ट्रक मागे आला, भोंगा गप्प. मिस्त्री म्हणाला, "बुवा, इतक्या खालचं त्याला कळत नाही, आणि लोकर आवाज गिळते."

माउली, पिंप कुणाच्या आडोशाला निजत नाही. निजतो तो घोंगडी पांघरलेला वारकरी.

त्याच बैठकीत हिशेब पाहणारे म्हणाले, आता भोंगा आला, मग ट्रकमागे उभ्या राहणाऱ्या पोराचा भत्ता वाचेल. त्यांचा हेतू वाईट नव्हता. दिंडीचा पैसा भिक्षेचा, तो जपावाच. पण मी नाही म्हणालो. त्या पोराला वाकून चाकाखाली पाहता येते, हाक मारता येते, झोपलेल्याच्या खांद्याला हात लावून "माउली, उठा" म्हणता येते. भोंगा भिंत, खांब, दुसरी गाडी सांभाळील. माणूस माणसानेच सांभाळायचा.

बैठकीत दोन नियम ठरले. मुक्कामी ट्रकच्या मागे दोन पताका रोवायच्या, त्यांच्या आत अंथरूण पडणार नाही. आणि दोघे विजेरी घेऊन दोन्ही बाजूंना उतरून "या" म्हणेपर्यंत चालक गिअरला हात लावणार नाही. भोंगा वाजो वा न वाजो.

तुमच्या दिंडीतही प्रस्थानाआधी एवढे ठरवून घ्या. आपण एकमेकांच्या पाया पडतो ते समोरच्यात पांडुरंग पाहून. तो कधी ट्रकच्या मागेही निजलेला असतो.

राम कृष्ण हरी.