लोखंडी लक्ष्याची घोडी



तुमच्यापैकी अनेकजण दिवसभराचे काम आटोपल्यावर, घरातील मंडळी निजल्यावर ही पुस्तिका उघडत असतील. मीही माझा अभ्यास असाच केला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझे फॅब्रिकेशनचे छोटे वर्कशॉप आहे. गेट, खिडक्यांच्या ग्रिल, जिन्याचे कठडे ही आमची नित्याची कामे. पंचेचाळिसाव्या वर्षी मी पदवीच्या अभ्यासाला बसलो, तेव्हा माझ्या पुस्तकांच्या कडांवर ग्राइंडरच्या धुळीचे करडे ठसे उमटत. संपर्कसत्रात शिकवायला येणाऱ्या बाई माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान होत्या. त्यांना शंका विचारताना सुरुवातीला मनात मोठा संकोच असे. पदवी हाती आली तेव्हा हा संकोच आपल्यातून पुरता गेला, असे मी समजून चाललो. तो गेला नव्हता, हे मला एका लोखंडी घोडीने शिकवले. तीच हकीगत तुम्हाला सांगायची आहे.

घोडी हा शब्द तुम्हाला सुताराकडे ऐकायला मिळेल. दोन्ही टोकांना पाय फाकवून उभी राहणारी आणि पाठीवर ओझे घेणारी ती घोडी. माझ्या घोडीला ओझे घ्यायचे नव्हते, तर मार घ्यायचा होता.

माझी भाची शिक्षणासाठी आमच्याकडे राहते आणि एअर रायफल चालवते. कोल्हापुरात या खेळाचे वेड नवे नाही. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात विश्वविजेतेपद मिळवले, तेव्हापासून इथल्या कितीतरी मुलींनी आईवडिलांकडे रायफलीचा हट्ट धरला असेल. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकले. १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी मिळवलेल्या कांस्यपदकानंतर इतक्या वर्षांनी महाराष्ट्रातल्या मुलाच्या गळ्यात ऑलिंपिकचे वैयक्तिक पदक पडले होते. त्या दिवशी आमच्या वर्कशॉपमधील ग्राइंडरसुद्धा थोडा वेळ बंद होता.

भाचीचा प्रकार १० मीटरचा. त्यातील कागदी लक्ष्य ८० मिलिमीटर लांबीरुंदीचे, म्हणजे तळहातावर मावणारे, आणि त्याच्या मध्यभागी दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. वेल्डिंगच्या कामात आम्ही दोन मिलिमीटरचा फरक ‘चालतंय की’ म्हणून सोडून देतो. या मुलीचे सारे जग त्या दोन मिलिमीटरच्या आत होते.

पॅरिसनंतरच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ती गावी निघाली. वडिलांनी तिला घरच्या सरावासाठी साधी एअर रायफल घेऊन दिली होती. जाण्याआधी ती म्हणाली, “मामा, गावाकडं कागद लावून प्रत्येक वेळी बघायला पळावं लागतं. लागली की वाजेल असं लोखंडी लक्ष्य करून द्या की. दुमडून नेता येईल असं.”

मी तिचे पहिले वाक्य ऐकले, दुसरे अर्धे ऐकले आणि तिसरे ऐकलेच नाही.

एका दिवसात मी स्टँड उभा केला. चौकोनी पाइपचे चार पाय, त्यांना आडव्या पट्ट्या आणि समोर सहा मिलिमीटर जाडीची, दहा सेंटिमीटर व्यासाची लोखंडी चकती. चकतीच्या कडेने मी सलग वेल्डिंग फिरवले. गुण्या लावून प्रत्येक कोन तपासला, ओळंबा सोडून चकती अगदी उभी केली. पायाने लाथ मारून पाहिले, जागचा हलला नाही. तीस वर्षे मी हलणार नाहीत अशाच वस्तू करत आलो होतो. न हलणे म्हणजे चांगले काम, ही माझी व्याख्या. तो उचलायला दोन माणसे लागत. शेवटी शेजाऱ्याच्या टेंपोतून तो गावी गेला आणि त्याबरोबर कौतुक घ्यायला मीही गेलो.

बहिणीच्या शेतात ओढ्याकाठी मातीची उंच दरड आहे. तिच्या पुढ्यात स्टँड ठेवला, दहा मीटर मोजून रेघ मारली. छर्रा लागला की नाही हे जवळून दिसावे म्हणून मी चकतीच्या बाजूला तीन पावलांवर उभा राहिलो. भाचीने रायफल खाली केली. “मामा, रेघेच्या मागं या. आमच्या सरांचा नियम आहे. आणि चष्मा लावा.”

मी हसून म्हणालो, “अगं, मी रोज ठिणग्यांत उभा असतो. तू मार.”

तिने पुन्हा एकदा सांगितले. मी पुन्हा हसलो. मामाचा शब्द मोडायचा कसा, या विचाराने तिने रायफल उचलली. पहिले दोन छर्रे मधोमध लागून ठण्ण वाजले. तिसरा चकतीच्या कडेला लागला. माझ्या गालावर गरम टाचणी टोचल्यासारखे झाले, हात लावला तर रक्त. जखम डोळ्याखाली दोन बोटांवर होती.

जखम किरकोळच होती. पण भाचीने रायफल जमिनीवर ठेवली ती पुढे आठ दिवस उचलली नाही. माझी बहीण फारशी बोलत नाही. हळद लावता लावता ती एवढेच म्हणाली, “दादा, तुझा डोळा गेला असता तर तुझं काय व्हायचं ते झालं असतं. पण पोरीनं जन्मभर काय घेऊन फिरायचं?”

मित्रहो, या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही. कामावरच्या पोरांना गॉगल लावा म्हणून रोज ओरडणारा मी, एका अठरा वर्षांच्या मुलीने तेच सांगितले तेव्हा मात्र हसलो होतो. तिला नियम ठाऊक होता आणि मला केवळ माझे वय ठाऊक होते.

परत आल्यावर मी नेमके काय चुकले याचा कागद-पेन्सिल घेऊन विचार केला. शिसे मऊ असते. कठीण पृष्ठभागावर आदळले की ते चपटे होते आणि त्याचे कण त्या पृष्ठभागाला लगटून चहूकडे फेकले जातात. म्हणजे चकती उभी असेल तर ते वर जातात, खाली जातात आणि बाजूलाही जातात. मी नेमका बाजूलाच उभा होतो. त्यात माझ्या वेल्डिंगची फुगीर कड आडवी आली. सपाट पृष्ठभागावरून शिसे कुठे जाईल याचा अंदाज बांधता येतो. खाचखळगा, उंचवटा किंवा बोल्टचे टोकदार डोके आले की तो अंदाज संपतो. जिला मी मजबुती समजत होतो, ती कड म्हणजे छर्रा वाटेल तिकडे वळवण्याची सोय होती.

खऱ्या बंदुकांच्या लक्ष्यासाठी साधे लोखंड चालतच नाही, त्याला खड्डे पडतात. तिथे कठीण केलेले पोलाद लागते आणि त्यालाही वेल्डिंग करणे टाळतात. याचे कारण तुमच्या गावचा लोहारही सांगेल. कोयत्याला दिलेले पाणी पुन्हा तापवले की उतरते, धार राहत नाही. पोलादी लक्ष्याचेही तसेच, जिथे वेल्डिंगची आच लागेल तिथे ते मऊ पडते. एअर रायफलच्या शिशाच्या छर्र्याला साधी जाड चकती पुरते. पण पोलादी गोळ्या असतील तर त्या कोणत्याही लोखंडी लक्ष्यावर मारू नयेत, कारण त्या चपट्या न होता सरळ परत येतात.

दुसरी घोडी मी भाचीला समोर बसवून केली. या वेळी ती सांगत होती आणि मी लिहून घेत होतो. ती एकटी उचलू शकेल, हे तिचे पहिले कलम. म्हणून दोन टोकांना पाइपच्या नळ्या जोडल्या आणि त्यांत पाय नुसते सरकवले, नट नाही की बोल्ट नाही. पाय काढले की सारे सामान एका पोत्यात मावते. पुढच्या बाजूने दिसणारा आडवा दांडा लोखंडाचा न ठेवता लाकडाचा ठेवला. चुकलेला छर्रा लाकडात रुतून बसतो आणि दांडा खराब झाला की बदलता येतो. चकतीच्या वरच्या भागात भोक पाडून गोल डोक्याचा एकच बोल्ट घातला, गुळगुळीत डोके नेमबाजाकडे. मागे निघालेल्या टोकाला साखळी अडकवली आणि ती दांड्यावरून सोडली.

आता चकती आपोआप पुढे कलली. हे कसे घडते, ते तुम्ही तुमच्याच घरात पाहिले असेल. जुन्या घरांत आजोबा-पणजोबांच्या तसबिरी भिंतीला चिकटून नसत. दोरी मागच्या बाजूला बांधलेली असल्यामुळे वरची कड पुढे येई आणि ती माणसे जणू खाली वाकून आपल्याकडे पाहत. माझ्या चकतीचेही तसेच झाले. साखळी तिच्या पाठीमागून लोंबत असल्यामुळे तिचा भार साखळीच्या खाली यायला पाहतो, खालची कड मागे जाते, वरची पुढे येते. छर्रा लागला की चकती मागे झुलते, माराचा थोडा जोर त्या झुलण्यात खर्च होतो आणि बहुतेक शिसे खाली जमिनीकडे वळते. तिथे मी एक जुनी घमेली ठेवली. ‘बहुतेक’ हा शब्द मी जपून वापरतो आहे. म्हणूनच रेघेच्या पुढे कोणी जायचे नाही आणि रेघेच्या मागेही चष्म्याशिवाय उभे राहायचे नाही.

नवव्या दिवशी आम्ही पुन्हा त्याच दरडीपाशी गेलो. पोते तिने स्वतः खांद्यावर आणले. घोडी उभी राहायला पाच मिनिटेही लागली नाहीत. मी तिच्या मागे, चष्मा लावून उभा राहिलो. ती बराच वेळ नेम धरून राहिली, मग रायफल खाली घेतली आणि मागे वळून मी कुठे उभा आहे ते पाहिले. मी काही बोललो नाही. तिने तीनदा असे वळून पाहिले. चौथ्यांदा न वळता छर्रा सोडला. चकती वाजली, झुलली आणि स्थिर झाली. घमेल्यात शिसे पडल्याचा बारीक आवाज मला ऐकू आला, की तसे मला वाटले, ते सांगता येणार नाही.

लोखंडी लक्ष्य फक्त ‘लागले’ एवढेच सांगते. आठ गुणांचे की दहा, हे कागदच सांगतो. म्हणून ती आजही कागदावर सराव करते आणि घोडी केवळ सुट्टीत बाहेर निघते. अजून तिच्या नावावर मोठे पदक नाही. मात्र गावी जाताना ती पोते उचलते, तेव्हा मी दारातूनच विचारतो, “चष्मे किती घेतलेस?” आणि ती म्हणते, “दोन. तुमचा पण.”

पहिला स्टँड मी अजून भंगारात घातलेला नाही. वर्कशॉपच्या दाराशी तो ताठ उभा आहे. नव्या पोराने मला काही सांगितले आणि माझ्या तोंडावर हसू येऊ लागले, की माझी नजर त्याच्याकडे जाते.

तुमच्याही कामात, तुमच्या घरात असे कोणीतरी असेल, वयाने लहान आणि त्या एका बाबतीत तुमच्याहून जाणते. त्याने तुम्हाला दोनदा सांगितलेली गोष्ट आज रात्री वहीत लिहून पाहा. ते तुमचे लेखन चांगले उतरले की नाही, हे तपासणारे नंतर सांगतील. आधी तुम्ही ती गोष्ट ऐकली होती की नाही, एवढे तुम्हाला कळेल.