खोड दाखवा, डिस्काउंट घ्या!

एसी नाही, ट्रॉली नाही, लॉयल्टी कार्ड तर नाहीच नाही. तरीही शॉपिंगचं खरंखुरं ट्रेनिंग हवं असेल, तर एकदा नंदुरबारला जाऊन याच!

सेल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? लाल अक्षरांतली पाटी, 'अपटू ५० पर्सेंट'मधला बारीक टायपातला तो बेरकी 'अपटू' आणि रात्री बाराच्या ठोक्याला अ‍ॅपवर तुटून पडणारी आपली अख्खी टीम. मूळ किंमत त्यांनी ठरवायची, कमी किती करायची तेही त्यांनीच ठरवायचं आणि खूश व्हायचं आपण! नंदुरबारात मी जिथे खरेदी शिकले, तिथे हा लाड नाही. तिथे डिस्काउंट मिळत नाही, कमवावा लागतो.

बँकेतल्या नोकरीत बदली हा शब्द पाठच असतो. तरी ऑर्डर हातात पडली तेव्हा पुण्यातल्या मैत्रिणींचा पहिला प्रश्न होता, ''नंदुरबार? ते गुजरातमध्ये ना?'' त्यांचं तरी काय चुकलं म्हणा! १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा नकाशाच्या पार वरच्या डाव्या कोपऱ्यात आहे. वर सातपुडा, त्याच्यापलीकडे नर्मदा आणि पश्चिमेला लागूनच गुजरात. नवापूरच्या रेल्वे स्टेशनचा तर एक तुकडा महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातमध्ये आहे. दोन राज्यांत मिळून ठेवलेल्या तिथल्या बाकड्यावर प्रत्येक जण फोटो काढतो. मीही काढला.

हीच सुरत-भुसावळ रेल्वेलाइन नंदुरबारच्या बाजाराची नाडी आहे. गाडीत बसलात की तीनेक तासांत सुरत. आणि सुरत म्हणजे कापड. सगळं कापड काही शोरूमच्या काचेत जाऊन बसत नाही. कुठे धागा तुटतो, कुठे प्रिंट सरकते, कुठे रंगाचा थेंब पडतो. अशा मालाला गिऱ्हाईक शोधावं लागतं.

पाटी नसलेलं दुकान

भाड्याची खोली, चार भिंती, एक पंखा आणि बजेट पाच हजार. पडद्यांपासून पातेल्यांपर्यंत सगळंच घ्यायचं होतं. ब्रँचमधले एक सिनियर म्हणाले, ''मॅडम, नवं कशाला घेता? दोन-तीन वर्षांत पुन्हा बदली. दागी मालाच्या दुकानात जा.''

दुकानाला पाटी नाही. पत्ता म्हणजे 'स्टेशनकडून या आणि विचारा'. बाहेर रस्त्यावर निम्मा संसार मांडलेला. सागवानी चौकटी, कुठल्यातरी बंद पडलेल्या ऑफिसच्या खुर्च्या, एक पाय हरवलेलं टीपॉय, ढीगभर भांडी. आत गठ्ठ्यांवर गठ्ठे कापड. आणि मधोमध तराजूशेजारी बसलेले काका, वय साठीच्या पुढे. गिऱ्हाईक बघून भाषा बदलतात. मराठी, अहिराणी, गुजराती, हिंदी. सातपुड्यातून कुणी आलं तर पावरी. हे सगळं एकाच श्वासात.

मी शहरी सवयीनं म्हटलं, ''काका, थोडं कमी करा ना.''

''का?'' काकांनी शांतपणे विचारलं.

या 'का'ला एमबीएच्या पुस्तकात उत्तर नाही! काकाच पुढे म्हणाले, ''ताई, खोड दाखवा. खोड दिसली की भाव कमी. नाही दिसली तर सांगितला तो भाव.''

हा दुकानाचा एकमेव नियम. भावाची कुस्ती खेळायची ती फक्त खोडीवर. सुरुवातीला मला ही काकांची लकब वाटली. मग लक्षात आलं, हे गावच प्रतवारीवर चालतं. थंडीत शहराबाहेर गेलात तर मैदानंच्या मैदानं लाल झालेली दिसतात. नंदुरबारची मिरची! ओली मिरची बाजार समितीत येते, व्यापारी ती पथारीवर वाळवतात आणि मग बायका बसून देठ खुडतात, लाल मिरची वेगळी आणि पांढरी पडलेली वेगळी करतात. नाकाला पदर बांधून दिवसभर हेच. रंग उडालेली मिरची वाया जात नाही, पण तिचा भाव पडतो. खोड ओळखणारा हात इथे रोजगार कमावतो.

कापड उजेडाशी बोलतं

काकांनी पहिला धडा दिला तो कापडाचा. पहिल्या नंबरचा माल 'फ्रेश', त्याखाली 'सेकंड', मग तुकडे म्हणजे 'फेंट' आणि शेवटी 'चिंधी'. फेंट किलोवर. चादरीचं कापड, पडद्याचं कापड, ड्रेसपीस, सगळं एकाच तराजूत.

तपासायचं कसं? गठ्ठ्याच्या वरचं कापड बघून खूश व्हायचं नाही. पूर्ण उलगडायचं, उजेडासमोर धरायचं. विणीतला तुटका धागा उजेडात लगेच रेष होऊन दिसतो. मग आडवं आणि उभं ताणायचं. विण सरकली तर शिलाईत उसवणार. कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर घासायचा, म्हणजे रंगाची लबाडी कळते. आणि कुणी 'प्युअर कॉटन' म्हणालंच, तर एक धागा मागून घ्यायचा आणि दुकानाबाहेर नेऊन जाळायचा. सुती धागा कागदासारखा जळून राख होतो. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

मी पडद्यांसाठी एक निळं कापड काढलं. मधोमध हातभर लांबीत प्रिंट सरकलेली. मी ती खोड विजयी मुद्रेनं दाखवली. काकांनी मुकाट्यानं भाव उतरवला. तो हातभर भाग मी शिवताना चुणीत लपवला. खिडकीला पडदा लागला तेव्हा घरमालकीणबाई विचारत्या झाल्या, ''सुरतेहून आणला का गं?'' म्हटलं, हो, एका अर्थी!

मोडीचा ढीग

भांड्यांच्या ढिगाशी मात्र मी बराच वेळ रेंगाळले. स्टील वजनावर. सोबत नेलेलं छोटं चुंबक मी मोठ्या ऐटीत बाहेर काढलं, तर काका हसले. स्टीलला चुंबक चिकटलं नाही म्हणजे ते भारीच, असा आपला समज. पण ३०४ ग्रेडला जसं ते सहसा चिकटत नाही, तसंच स्वस्तातल्या २०२ लाही नाही. त्यापेक्षा काठ बघा, जोड बघा, तळ सपाट आहे का ते फरशीवर ठेवून फिरवून बघा. गॅसवर डुगडुगणारं पातेलं फुकट मिळालं तरी महाग.

स्टीलच्या पलीकडे पितळ आणि तांबं. 'जुनी भांडी मोडीत घेऊ' हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकलंय. आई-आजीच्या पिढीनं पितळेच्या घागरी देऊन स्टीलचे डबे घेतले. कल्हईची कटकट नको, घासायला सोपं. त्या सगळ्या घागरी, तांबे, परातींचं पुढे काय झालं हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. उत्तर समोर होतं. वजन करून भट्टीकडे.

पण एक कोपरा वेगळा होता. तिथल्या भांड्यांवर नावं कोरलेली. कुणाच्या लग्नात मामानं दिलेला तांब्या, कुणाच्या बारशाची वाटी, तिथीसह. काका अशी भांडी लगेच भट्टीला धाडत नाहीत. काही महिने बाजूला ठेवतात. ''कधीमधी माणसं परत येतात,'' ते म्हणाले. ''अडचणीत विकतात, मग रात्री झोप लागत नाही. परवा एक पोरगा आला, आईचं भांडं आहे म्हणाला. दिलं घेतल्या भावात.'' धंद्याच्या हिशोबात हा तोटाच. काकांनी तो मिरवला नाही आणि मीही पुढे काही विचारलं नाही.

एका हंड्याची परीक्षा

खरी उस्ताद मंडळी मला भेटली ती होळीच्या दहा दिवस आधी. सातपुड्यात होळी म्हणजे दिवाळीहून मोठा सण. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी तर लांबलांबून लोक बघायला येतात. त्याआधीच्या आठवड्यात भोंगऱ्या बाजार भरतात. ऊसतोडीला गुजरातेत गेलेली कुटुंबं होळीसाठी गावाकडे परततात, हातात हंगामाचे पैसे असतात आणि वर्षाची खरेदी याच दिवसांत उरकते.

धडगावकडचं एक जोडपं आलं होतं. बाईंनी ढिगातून ॲल्युमिनियमचे दोन हंडे काढले. आपल्याकडे जुनी माणसं त्याला 'जर्मन' म्हणतात ना, तेच. पोचे पडलेले, पण मोठे. भाव साडेचारशे. बाईंनी हंडा उचलून तोंड सूर्याकडे केलं, आत डोकावल्या आणि हळूहळू फिरवला. मग पाणी मागितलं. भरला, बाहेरून पदरानं कोरडा केला, जमिनीवर वर्तमानपत्राचा कागद पसरून त्यावर ठेवला आणि शांतपणे बाजूला बसल्या. दहा मिनिटं! मागे गिऱ्हाईकं खोळंबलेली, बाईंना घाई नाही. हंडा उचलला, कागद कोरडा. दुसऱ्याची तीच परीक्षा. या वेळी कागदावर रुपयाएवढा ओला डाग.

बाईंनी कागद काकांच्या हातात दिला. एक शब्द बोलल्या नाहीत. भाव तीनशेवर आला.

मला वाटलं, आता त्या गळका हंडा ठेवून देतील. त्यांनी दोन्ही घेतले! मला राहवेना. काकांनी पावरीत विचारून मला मराठीत सांगितलं, ''पहिला पाण्याला. दुसरा धान्याला. धान्य गळतं का?''

बॉस, याला म्हणतात खरेदी! आपण सेलमध्ये खोड नसलेली वस्तू स्वस्तात शोधतो आणि मग ती का स्वस्त आहे या संशयानं झुरतो. त्या बाईंनी खोड आधी शोधली आणि मग ती आपल्याला नडते का एवढंच पाहिलं. त्या दिवसानंतर मी माझ्या टेबलासाठी फळीवर शाईचा डाग पडलेलं टेबल घेतलं. डागावर लॅपटॉप बसतो.

पण दुकानाबाहेर...

एवढं सगळं गुडी-गुडी असतं तर हा लेख इथेच संपला असता. त्याच संध्याकाळी दुकानासमोर एक मावशी गोणपाटावर चिंच घेऊन बसल्या होत्या. माझ्या मागोमाग बाहेर पडलेल्या बाइकवाल्या तरुणानं बाइकवर बसूनच भाव विचारला. आणि लगेच, ''दहा रुपये कमी कर.'' मावशींनी नाही म्हटलं. तो गेला नाही, नुसता थांबून राहिला. मावशींनी एकदा उन्हाकडे पाहिलं, एकदा स्टँडच्या दिशेनं. गावाकडची शेवटची एसटी. दहा रुपये कमी झाले.

चिंच चांगली होती, गाभुळलेली, साफ केलेली. तिच्यात खोड कुठलीच नव्हती. मावशींना नडली ती गाडीची वेळ.

काका दारात उभे होते. म्हणाले, ''माझा भाव कुणी पाडला तर मी म्हणेन, जा, उद्या विकेन. तिला उद्या कुठंय?''

बार्गेनिंग म्हणजे फन, असं आपण सहज म्हणतो. पिकनिकला जाताना रस्त्यावरच्या टोपलीवाल्यांशी केलेल्या घासाघिशीचे किस्से ऑफिसात रंगवून सांगतो. वस्तूतली खोड दाखवून भाव उतरवणं हे कसब आहे आणि समोरचाही त्याला मान देतो. समोरच्याची गरज हेरून भाव पाडायला कसलंच कसब लागत नाही. फक्त आपल्याकडे वेळ जास्त असावा लागतो. मी माझ्यापुरतं ठरवलंय. दुकानात पदर खोचून भांडायचं, टोपलीवाल्यांकडे सांगितला भाव द्यायचा. माझी खोली पाच हजारांत नाही बसली, साडेपाच झाले. वरच्या पाचशेत चिंचही आहे.

जाणार असाल तर

- मुंबईकरांनो, सुरतमार्गे भुसावळकडे जाणारी गाडी पकडा. पुणेकरांनी रस्त्यानं धुळे गाठून पुढे यावं.
- सोबत टॉर्च, मेजरिंग टेप, पांढरा रुमाल आणि दोन दणकट कापडी पिशव्या. मोबाइलचं पेमेंट चालतं, पण सुटे पैसे असलेले बरे.
- विजेवर चालणारी वस्तू तिथेच लावून दाखवायला सांगा. 'घरी गेल्यावर चालेल' या वाक्यावर विश्वास ठेवू नका.
- लाकूड घेताना उलटं करून बघा. भुश्यासारखी बारीक पूड दिसली तर कीड जिवंत आहे.
- मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमारास आलात तर सारंगखेड्याची यात्रा चुकवू नका. तापीकाठी एकमुखी दत्ताच्या या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. वय ओळखायला घोड्याचे दात बघतात. खोड शोधण्याची ती एम.ए.ची परीक्षा समजा!
- आणि संध्याकाळी परतताना कुणी मावशी टोपली घेऊन बसलेल्या दिसल्या, तर आधी त्यांची एसटी किती वाजताची आहे ते विचारा. भाव नंतर.