खोडरबराचा शिक्का

वयाची पन्नाशी उलटल्यावर मनुष्यानें नवा छंद धरूं नये, असें कोणत्या शास्त्रांत सांगितलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं. पण धरलाच तर तो घरच्यांपासून लपवितां येण्याजोगा असावा, एवढें आम्ही अनुभवानें सांगूं शकतों. आमचा लपला नाहीं. अर्धे कापलेले आणि एका बाजूनें निळे झालेले बटाटे स्वयंपाकघरांत आढळूं लागले, तेव्हां आमच्या सौभाग्यवतींनीं चौकशी आरंभिली, आणि प्राध्यापकमहाशय शिक्के कोरीत बसले आहेत ही वार्ता दोन दिवसांत साऱ्या गल्लीला कळली.

याचें मूळ आमच्या भाचीच्या पत्रांत होतें. ती नोकरीनिमित्त इंग्लंडांत, डेव्हन परगण्यांत राहते. तेथें डार्टमूर नांवाचें विस्तीर्ण, ओसाड माळरान आहे. १८५४ सालीं जेम्स पेरट नांवाच्या एका वाटाड्यानें या माळावरच्या क्रॅनमिअर पूल नामक आडजागीं एक बाटली ठेवली. तेथवर पायीं येणाऱ्यानें आपल्या नांवाचें कार्ड तींत टाकावें, एवढाच हेतु. पुढें लोक आपला पत्ता लिहिलेलें पोस्टकार्ड ठेवूं लागले, आणि मागून येणाऱ्यानें तें टपालांत टाकावें अशी रीत पडली. त्यावरून या खेळाचें नांव लेटरबॉक्सिंग. आज त्या माळावर ठिकठिकाणीं डबे दडविलेले असतात. डब्यांत एक वही आणि एक शिक्का. शोधणाऱ्यानें आपला शिक्का त्या वहींत उमटवावा, डब्यांतला आपल्या वहींत उमटवून घ्यावा, आणि डबा होता तसा झांकून चालूं लागावें. १९९८ सालीं अमेरिकेंतल्या 'स्मिथसोनियन' मासिकांत यावर लेख आला, तेव्हांपासून खेळ तिकडेही पसरला. आणि शिक्का विकत न घेतां स्वतःच्या हातानें कोरण्याची चाल तेथें विशेष रुजली.

भाचीनें लिहिलें होतें: "मामा, डिसेंबरांत मी येतें आहें. आपण एक डबा खानदेशांत ठेवूं. शिक्का तुम्ही कोरा. आईचें नांव, आईच्याच अक्षरांत."

तिची आई म्हणजे आमची धाकटी बहीण. धुळ्यास ती शाळेंत शिकवीत असे, आणि दरवर्षीं वर्गांतल्या मुलांना घेऊन लळिंगचा किल्ला चढत असे. तिला जाऊन तीन वर्षें झालीं. असल्या पत्राला 'हें आम्हांस जमणार नाहीं' असें उत्तर देववत नाहीं.

आतां शिक्का कोरावयाचा तो कशावर? तीस वर्षें आम्हीं दुसऱ्यांच्या लेखनावर तांबड्या खुणा केल्या. त्यापलीकडे या हातांनीं कोणतीही वस्तु घडविलेली नाहीं. अशा मनुष्यानें सर्वांत सोपें साधन उचलावें हें उघड आहे. आम्हीं सागवान उचललें. गुजरातेंत पेथापूर येथें कापड छापण्याचे ठसे सागवानाचे कोरतात, हें वाचलेलें होतें; सागवान आमच्या सातपुड्याचें लांकूड; आणि बहिणीचें नांव बटाट्यावर कोरावें हें मनाला रुचेना. ओळखीच्या सुतारानें रंधा मारून एक गुळगुळीत तुकडा दिला आणि वर बजावलें, "सर, आडवं कापाल त् हे लाकूड आयकाचं नही." त्यानें खरेंच ऐकलें नाहीं. पटाशी रेषांच्या बाजूनें चालविली कीं वाटेल तेथवर धांवावी, आडवी चालविली कीं ढलपी उडावी. आणि तिसऱ्या संध्याकाळीं ती आमच्या डाव्या अंगठ्यांत शिरली. फळीच्या पृष्ठावर बारीक रेघ टिकणें कठीण. ती टिकावयास खोडाचा आडवा छेद घ्यावा लागतो, आणि लांकूडही घट्ट कणीचें लागतें. अठराव्या शतकांत टॉमस ब्यूइक या इंग्रज कारागिरानें नाजूक चित्रें कोरलीं तीं अशाच आडव्या छेदावर. हें सर्व आम्हांस अंगठ्याला पट्टी बांधल्यावर कळलें. पुस्तकी मनुष्याचें ज्ञान बहुधा याच क्रमानें येतें.

मग बटाट्याकडे वळणें आलें. बटाटा गरिबाचा गुरु आहे. त्याला राग येत नाहीं, आणि चुकला तर भाजींत जातो. कापलेली बाजू फडक्यावर पालथी ठेवून पाणी निथळूं द्यावें, नाहींतर शाई पसरते. पण त्यावर जाड रेघच उभी राहते, आणि दुसऱ्या दिवशीं शिक्का सुरकुततो. आमच्या शेजारचीं मुलें याहून शहाणीं निघालीं: त्यांनीं भेंडी आडवी कापून, न कोरतां, पांच कोनांचें सुबक फूल उमटवून दाखविलें. केळीच्या पानाचा जाड देंठ कापला तर त्याचाही जाळीदार चंद्रकोरीसारखा ठसा उठतो, आणि जळगांवांत केळीच्या देंठांना तोटा नाहीं. परंतु निसर्गानें कोरलेल्या शिक्क्यांत बहिणीचें अक्षर कोठून येणार?

चित्रकार लिनोलियम वापरतात. जवसाचें तेल घट्ट करून, त्यांत बुचाच्या झाडाचा भुगा मिसळून, तागाच्या कापडावर थापलेला हा पदार्थ एकोणिसाव्या शतकांत फ्रेडरिक वॉल्टन यानें जमिनीवर अंथरण्यासाठीं काढला. उन्हांत ठेवला कीं मऊ होऊन कापावयास सोपा जातो, आणि ऊन आमच्याकडे भरपूर. पण त्यालाही हाताचा जोर लागतो, आणि आमचा अंगठा अजून दुखत होता.

शेवटीं आम्ही शाळेच्या दप्तरांतल्या पांढऱ्या खोडरबरावर उतरलों. नवशिक्यानें आरंभच येथून करावा. मात्र तो किंचित् लवचीक हवा. वांकविला तर तुकडे पडणारा नको, आणि शाई खोडण्याचा खरखरीत तर नकोच. चित्र कागदावर मऊ पेन्सिलीनें काढावें, तो कागद खोडरबरावर पालथा घालून चमच्याच्या पाठीनें घासावा. चित्र आपोआप उलटें उतरतें आणि छापतांना सुलटें होतें. पहिल्या खेपेस आम्हीं फाजील हुशारीनें थेट रबरावरच सुलटें अक्षर काढलें, आणि तें कागदावर कोणत्याही लिपींत न बसणारें उमटलें. दुसरी गोष्ट पात्याच्या कलाची. रेघेखालचा भाग आंतून पोखरूं नये. शेताच्या बांधासारखी ती वर अरुंद आणि बुडाशीं रुंद ठेवावी, म्हणजे दाबाखालीं कोसळत नाहीं. आणखी एक: असला खोडरबर प्लॅस्टिकच्या डब्याला चिकटून राहिला तर दोन्ही विरघळल्यासारखीं होतात, म्हणून शिक्का कागदांत गुंडाळून ठेवावा.

याच सुमारास परीक्षेच्या कामानें धुळ्यास जाणें झालें. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे १९२६ सालच्या अखेरच्या दिवशीं धुळ्यासच निवर्तले. त्यांच्या पश्चात् १९२७ सालीं त्यांच्या नांवानें तेथें संशोधन मंडळ निघालें. जुन्या पत्रांवरचे शिक्के आम्हीं पूर्वीं कितीदां तरी पाहिले असतील. या खेपेस प्रथमच कोरणाऱ्याच्या दृष्टीनें पाहिले. मजकुराच्या आरंभीं शिक्का आणि अखेरीस मोर्तब. मोर्तब झाल्यावर पत्रांत एकही ओळ वाढवितां येऊं नये, ही त्यांतली मेख. आम्ही मजकूर वाचला नाहीं. अक्षरें एकमेकांत कशीं गुंतविलीं आहेत, जागा कोठें मोकळी सोडली आहे, हेंच पाहत बसलों. धातूवर, उलटीं, आणि खोडण्याची सोय नाहीं!

बहिणीनें वसतिगृहांतून पाठविलेलें एक आंतर्देशीय पत्र आमच्यापाशीं आहे. त्यांतली तिची सही आम्हीं पातळ कागदावर उतरून घेतली. तिचें नांव 'ब'नें सुरू होतें. तिच्या 'ब'चें पोट गोल नसे, पेरूसारखें खालीं लोंबे. आणि पोटांतली तिरपी रेघ केसासारखी बारीक. शिरोरेघेचा मोठा आधार मिळाला. अक्षरें तिला लोंबत राहिलीं आणि सुटीं झालीं नाहींत. पण पहिल्या खोडरबरांत ती तिरपी रेघ तुटली आणि 'ब'चा 'व' झाला. दुसऱ्यांतही तेंच. तो उमटवून पाहिला, तेव्हां कागदावर भलत्याच कोणा बाईचें नांव होतें. त्या रात्रीं आम्हीं दिवा लवकर मालविला. तिसऱ्या वेळीं भीतीनें रेघ जाड ठेवली, आणि शिक्का तरला.

डिसेंबरांत भाची आली. सकाळीं लळिंगच्या पायथ्याशीं उतरलों. किल्ल्याच्या दगडांत कांहीं खुपसणें योग्य नव्हे, म्हणून वाटेवरच्या एका झाडाच्या मुळांत डबा ठेवण्याचें ठरविलें. तेथेंच बसून तिनें आपली वही उघडली. डार्टमूरवरच्या शिक्क्यांनीं तिचीं अर्धीं पानें भरलेलीं होतीं. नव्या पानावर तिनें आईचें नांव उमटविलें आणि बराच वेळ पाहत राहिली.

"मामा, आई ही रेघ इतकी जाड काढीत नसे."

"तुटेल ग ती," आम्ही म्हणालों.

"तुटूं दे."

आम्हीं खिशांतून पातें काढलें, चष्मा पुसला, आणि तिनें शिक्का दोन्ही हातांनीं गुडघ्यावर घट्ट धरला.